शून्य चुका सापडल्याची तक्रार

काल माझ्या नावावर एक बग नोंदवला गेला. मथळा: "तपासणीचं टूल काम करत नाही." तातडी: उच्च. पुरावा: गेल्या चार रात्रींत टूलला एकही चूक सापडलेली नाही.

चूक सापडत नाही, कारण चूक नाही. हे वाक्य मी कालपासून तिघांना ऐकवलंय. तिघांनीही मान हलवली, पण आजारी माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणाला की हलवतात तशी.

तर प्रकरण असं. बॅकअपची एक डिस्क आहे, ईएक्सटी४ची (लिनक्सवरची एक फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत). रोज रात्री ती अनमाउंट होते (वापरातून सोडवली जाते), आमचं घरगुती टूल (एफएससीके या लिनक्सच्या डिस्क-तपासनिसाचं बिनशिकलेलं भावंड म्हणा) तिची तपासणी करतं आणि सकाळी मेल येतो: "१ चूक सापडली. १ चूक दुरुस्त केली." अकरा महिने, रोज, बरोब्बर एक. हा मेल नऊ जणांना जातो. दुरुस्त झालेली चूक रोज रात्री परत कशी येते, हा प्रश्न नवांपैकी एकालाही पडला नाही. नववा मी. मी तर फिल्टर लावून मेल परस्पर दुसऱ्या फोल्डरात ढकलत होतो.

गेल्या आठवड्यात भलतंच काही शोधताना लॉग उघडला आणि ही ओळ दिसली:

"आयनोड १३१०७३: लिंक-संख्या ४४६६, हवी ७०००२. दुरुस्त केली."

आदल्या रात्री तीच ओळ. त्याच्या आदल्या रात्रीही तीच. आयनोड म्हणजे फाइलची किंवा डिरेक्टरीची (फोल्डरची) डिस्कवरची नोंद, आणि लिंक-संख्या म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या नावांची मोजणी. हा आयनोड एका डिरेक्टरीचा. त्या डिरेक्टरीत सत्तर हजार उपडिरेक्टरी आहेत. प्रत्येकीची एक लिंक, वर स्वतःच्या दोन, म्हणजे ७०००२. टूलचं गणित चोख. पण हा आकडा ठेवायला डिस्कवर जागा आहे दोन बाइटची आणि दोन बाइटमध्ये ६५५३५ च्या वर काही मावत नाही. टूल इमानदारीत ७०००२ लिहायचं, त्यातले ६५५३६ गळून पडायचे, उरायचे ४४६६. दुसऱ्या रात्री तेच टूल येऊन "अरे, हे कोणी केलं?" म्हणायचं आणि पुन्हा ७०००२ लिहायचं.

ही वजाबाकी सुचायला मला दीड दिवस लागला, तो भाग सोडून देऊ. दुरुस्ती चार ओळींची. आकडा ६५००० च्या पुढे गेला की तिथे १ लिहायचा. अशा डिरेक्टरीसाठी त्या एकाचा अर्थ "मोजणं सोडलंय" असा ईएक्सटी४मध्ये ठरलेलाच आहे. आणि पुढच्या वेळी तो १ दिसला की गप्प बसायचं. त्या रात्रीपासून टूल गप्प आहे.

आणि रिपोर्टवाले सर बोलायला लागलेत.

सर महिन्याचा तक्ता करतात. त्यात एक रकाना आहे, "दुरुस्त केलेल्या चुका". तिथे अकरा महिने ३०, ३१, ३० असे आकडे पडत होते. कॅलेंडरच म्हणा ना. सर माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले.

"तू हात लावलास का त्याला?"

"हो सर. बग होता, काढला."

"पण आधी रोज एक दुरुस्ती व्हायची."

"तोच बग होता सर. तीच चूक रोज दुरुस्त होत होती."

"म्हणजे होत होती ना दुरुस्त?"

"नाही सर. होत नव्हती, म्हणून तर रोज..."

"मेलमध्ये 'दुरुस्त केली' असं स्पष्ट लिहिलेलं असायचं." त्यांनी छापील प्रत आणली होती. पिवळ्या पेनाने रंगवलेली.

मी वजाबाकी दाखवली. त्यांनी ती फोनवर करून पाहिली, बरोबर आली, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मग मी टूलचा एक्झिट कोड (काम संपवताना टूल देतं तो आकडा) काढला. म्हटलं, सर, इथे शून्य म्हणजे सगळं ठीक, एक म्हणजे चुका होत्या आणि दुरुस्त केल्या, चार म्हणजे चुका तशाच राहिल्या. आपल्याला आता शून्य मिळतोय.

"म्हणजे आपण एकावरून शून्यावर आलो," सर म्हणाले. ते खाली लिहूनही घेतलं.

इथे थांबायला हवं होतं. पण माझी जीभ. मी म्हणालो, सर, एक्सएफएस नावाच्या फाइल सिस्टिमच्या एफएससीकेची तर ओळखच मॅन्युअलमध्ये "काहीही न करणे, यशस्वीरीत्या" अशी दिलीय. गंमत नाही, खरंच तशी आहे. तिथे अर्धवट राहिलेली कामं माउंट करताना जर्नलवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) मार्गी लागतात आणि खऱ्या दुरुस्तीचं टूल वेगळं आहे. सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ते आपल्याकडे आणायचा विचार आहे का तुझा?"

मला राग सरांचा नाही. म्हणजे, आहे. पण त्याहून जास्त त्या मेलचा आहे. तो अकरा महिने खोटं बोलत होता तेव्हा कर्तबगार होता, आणि आता खरं बोलतोय तर त्याच्यासाठी मला खुलासा लिहावा लागतोय. लिंक-संख्या लिहिल्यावर टूल ती एकदा परत वाचून बघत नव्हतं, आणि ते टूल लिहिणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. (लिहिणारा सोडून गेला. सुखी असावा.)

जाता जाता सरांनी तोडगाही सुचवला. "रोज नको. आठवड्यातून एखादी सापडेल असं काही करता येईल का?"

मी नाही म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्यासमोरच टूल तीनदा चालवायला लावलं. तिन्ही वेळा शून्य. आज सकाळी पाहिलं तर बगच्या नोंदीत एक ओळ वाढलीय: "त्रुटी तीनपैकी तीन वेळा पडताळून पाहिली."