मानेवाड्याच्या वाचकाला उत्तर: सहा फ्लॅटचा किराया आणि हातात उरतं ते

दादा, प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागपुरात मानेवाड्याकडे खाली पार्किंग, वर तीन माळे, माळ्यावर दोन-दोन टूबीएचके, अशी इमारत 1 कोटी 60 लाखांत मिळते आहे. फ्लॅटमागे 12 हजार किराया धरला तर वर्षाचे 8 लाख 64 हजार, म्हणजे 5.4 टक्के, आणि भाववाढ वरून. त्यामुळे खर्च वजा जाता हातात तीन टक्केच उरतात, हा मागच्या लेखातला आकडा तुम्हाला 'घाबरवणारा' वाटला, किरायेदाराशी नोंदणीकृत करार 'फुकटचा खर्च' वाटला, आणि फ्लॅट रिकामे राहण्याचे महिने मी फुगवलेत असंही तुम्ही लिहिलंत.

शेवटचा मुद्दा आधी, कारण तो मान्य आहे. वर्षाला दोन महिने रिकामे हे जास्तच झालं. नोकरदार कुटुंब दोन वर्षं सहसा हलत नाही, पोरं जवळच्या शाळेत असली तर त्याहून जास्त. तेव्हा फ्लॅटमागे दोन वर्षांत एक महिना धरू.

आता तुमचाच हिशोब पुढे नेतो. मुद्रांक शुल्क सुमारे सात टक्के, नोंदणी 30 हजार, म्हणजे साडेअकरा लाख. घेतल्या घेतल्या गच्ची, मीटर, रंग यांना सहा लाख. झाले 1 कोटी साडेसत्त्याहत्तर. वर्षाचा खर्च अंदाजे असा: रिकामे महिने 36 हजार, दलाली 18, मालमत्ता कर 40, पंप आणि जिन्याची वीज 36, झाडू-राखण 48, किरायेदार बदलताना रंगसफेदी 45, विमा 10, आणि दुरुस्तीला निदान एका महिन्याचा पूर्ण किराया, 72. एकूण 3 लाख 5 हजार. हातात उरले 5 लाख 59 हजार, म्हणजे 3.15 टक्के. रिकाम्या महिन्यांचं तुमचं म्हणणं मान्य करूनही आकडा तिथेच आला.

कर्ज काढणार असाल तर 1 कोटी 10 लाखांवर 9 टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता 98,970 रुपये पडतो. इमारत महिन्याला देणार साडेशेहेचाळीस हजार. उरलेले बावन्न हजार दर महिन्याला पगारातून जातील. 'व्याजावर टॅक्स वाचतो' असं तुम्ही लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. मालमत्ता कर वजा करून उरलेल्या किरायावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. व्याजामुळे जो तोटा दिसेल, तो नव्या करप्रणालीत पगारातून वळता होत नाही. जुन्या प्रणालीत होतो, तोही दोन लाखांपर्यंतच.

मग किती द्यावेत? निव्वळ साडेचार टक्के हवे असतील तर सगळं मिळून 1 कोटी 24 लाखांत बसलं पाहिजे, म्हणजे सौदा 1 कोटी 10 लाखांचा. मालक त्या भावात देणार नाही. त्याहून जास्त देऊन तुम्ही घेतलंत तर तो पैसा जमिनीवर लावलाय, किरायावर नाही. तसं करायला हरकत नाही, पण मग विकताना नफ्यावर 12.5 टक्के कर जाईल, तोही इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता), हे मांडून ठेवा.

दुरुस्तीचे 72 हजार तुम्हाला 'कागदी' वाटतील. नागपुरात हा पैसा कुठे जातो ते सांगतो: कूलरमध्ये. मार्च ते जून खिडकीला टेकवलेला डेझर्ट कूलर दिवसाला शंभरावर लिटर पाणी पितो. फ्लोट अडकला की टाकी रात्रभर वाहते, पाणी छज्ज्यावरून खिडकीच्या खालच्या कडेत मुरतं, आणि पावसाळ्याआधीच खालच्या माळ्याच्या भिंतीला पोपडे धरतात. खालचा किरायेदार म्हणतो गच्ची गळते, मालक गच्चीवर लाखभर घालतो, ओल तशीच राहते. म्हणून कूलरला भिंतीपासून सुटा अँगलचा स्टँड, वेगळा स्टॉपकॉक, जादा पाण्याला खालपर्यंत पीव्हीसी पाइप आणि 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट एकदाच करून द्या. कूलरच्या ताट्या (बाजूचे गवताचे पडदे) बदलणं किरायेदाराकडे, असं करारात लिहा.

पाण्याची बेरीजही तिथेच चुकते. चोवीस माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे 3,240. त्यात बारा कूलर, आणखी 1,200. साडेचार हजार लिटर रोज. खालची टाकी तीन हजारांची असेल तर मे महिन्यात टँकर तुमच्या खिशातून येणार. विहीर-बोअरवेल असेल तर ती उन्हाळ्यात किती मिनिटं चालते ते शेजाऱ्याला विचारा. विकणारा पावसाळ्यातला आकडा सांगतो.

गच्ची खरंच गळते का, हे ठरवायला नळ्या बंद करून दोन इंच पाणी 48 तास साठवा आणि खालून स्लॅब पाहा. जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकून देणारे ठेकेदार भेटतील. स्लॅबवर वजन चढतं आणि मूळ भेग तशीच राहते. जुना कोबा काढूनच काम करा, वर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारा. वरच्या माळ्याचे फ्लॅट मे महिन्यातच रिकामे होतात, त्याचं कारण तापलेला स्लॅब.

मीटर: सहा घरं एका मीटरवर आणि आत सबमीटर, अशी रचना असेल तर भाव पाडून मागा. घरगुती वीज 100, 300, 500 युनिटच्या टप्प्यांनी महागते. सहा घरांचं एकत्र वाचन वरच्या टप्प्यात जातं आणि महिनाअखेर जिन्यात भांडण होतं. महावितरणकडून फ्लॅटवार जोडणी घ्या.

आता करार. '11 महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' हा समज नागपूरभर पसरलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात किरायेदार अटींबद्दल जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणारा करार) असेल, तर मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तो जागा सोडेपर्यंत ठरलेल्या किरायाच्या दुप्पट शुल्क देणं लागतो. खर्च किती? 12 हजार किराया, 24 हजार अनामत, 11 महिने: किरायाची बेरीज आणि अनामतीवर 10 टक्के काल्पनिक व्याज, त्यावर 0.25 टक्के, म्हणजे सुमारे 336 रुपये मुद्रांक आणि एक हजार नोंदणी. रंगाच्या दीड डब्याचा पैसा. पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहितीही त्याच दिवशी द्या.

पोरांना खाटेप्रमाणे देऊन जास्त किराया मिळतो, हेही खरं. फक्त एका फ्लॅटमध्ये चाराऐवजी सहा डोकी आली की टाकी, पंप आणि सेप्टिक टँक दीडपट राबतात, आणि परीक्षा संपल्या की खाटा रिकाम्या.

कागदांचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. मानेवाडा-बेसा पट्ट्यात प्लॉट नियमित झालेल्या लेआउटमधला असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) आरएल पत्र, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, मूळ प्रतीत पाहा. भाडेपट्ट्याचा असेल तर मुदत किती उरली आणि हस्तांतरणाची परवानगी कोण आणणार, हे इसारपत्रातच लिहून घ्या. मंजूर नकाशा हातात धरून इमारतीभोवती फिरा. पार्किंगमध्ये भिंती घालून काढलेली खोली दिसली तर तिचा किराया हिशोबातून वगळा, कारण बेकायदा बांधकामाबद्दलची एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम 53 ची नोटीस नव्या मालकाच्या दारावर लागते. बाल्कनीजवळून हाय टेन्शन तार जात असेल तर भावाची बोलणी तिथेच थांबवा.

नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची शेवटची पावती आणि मे महिन्याची वीजबिलं मिळाली की आकडे इथेच टाका. इसार त्यानंतर द्या.