ह्युएन त्संगला चोर ठरवण्याआधी

बहिणीचा परवा फोन आला. भाचा सातवीत, शाळेत भाषण. तिने मला वाचून दाखवलेला मजकूर म्हणजे गेले दोन महिने ग्रुपांवर फिरणारा फॉरवर्ड, जशाच्या तसा: "ह्युएन त्संग हा चिनी बादशहाचा हेर होता. त्याच्यासोबत साक्षात हनुमान होता. त्याने नालंदेतून ६५७ मूळ ग्रंथ पळवले, म्हणून भारतात ज्ञान उरलं नाही. महाराष्ट्राला त्याने रानटी म्हटलं." आता गप्प बसणं शक्य नाही.

ह्युएन त्संग म्हणजे सातव्या शतकात भारतात शिकायला आलेला चिनी बौद्ध भिक्षू. ६५७ हा आकडा बरोबर आहे. फॉरवर्डमध्ये बरोबर असलेली गोष्ट बहुधा तेवढीच. पण "पळवले"? हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ न्यायचा म्हणजे नक्कल करून न्यायचा. त्याचा शिष्य हुइली याने लिहिलेलं चरित्र उघडा. काश्मीरच्या राजाने नकला करायला त्याला वीस लेखनिक दिले. परतताना सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या वाहून गेल्या, तेव्हा नव्या नकलांसाठी माणसं पाठवून तो पन्नासहून जास्त दिवस तिथेच थांबला. आणि खरी गंमत पुढे आहे. मायदेशी पोचल्यावर काही वर्षांनी त्याने नालंदेतल्या ज्ञानप्रभ या भिक्षूला पत्र लिहिलं, नदीत गेलेल्या ग्रंथांची यादी जोडली आणि जमल्यास पाठवा अशी विनंती केली. ज्याच्या घरी चोरी केली त्यालाच "तेवढं राहिलेलं पाठवा हो" असं कळवणारा चोर मी तरी पाहिलेला नाही.

"काही उरलं नाही" म्हणणाऱ्यांनी त्याच्यानंतर आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूचं काय करायचं तेही सांगावं. तो ६७१ मध्ये निघाला, नालंदेत दहाएक वर्षं शिकला आणि सुमारे चारशे ग्रंथ घेऊन परतला. रिकाम्या कपाटातून? नालंदेचा विध्वंस तर ह्युएन त्संगनंतर पाचशेहून जास्त वर्षांनी झाला.

हेरगिरीचं म्हणाल तर तेव्हा सरहद्द ओलांडायला बंदी होती. ६२९ च्या सुमारास तो परवान्याशिवाय निसटला, त्याला पकडण्याचा हुकूम सुटला. वाळवंटात पाण्याची पखाल हातून सांडली आणि चार रात्री पाच दिवस घशाखाली थेंब नाही. असा हेर कुणी पाठवतो? परतताना मध्य आशियातल्या खोतानहून त्याने बादशहाला पत्र लिहून न विचारता गेल्याची कबुली दिली. हां, परतल्यावर बादशहाने त्या देशांची माहिती लिहून मागितली आणि ६४६ मध्ये बारा खंडांचा वृत्तांत तयार झाला. दरबाराने तिचा उपयोग केला असेल, हे नाइलाजाने मान्य.

आता हनुमान. त्याच्यासोबतचं माकड त्याच्या प्रवासावर बेतलेल्या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीने प्रसिद्ध केलं. निघताना बादशहा त्याला निरोप देतो तेही त्याच कादंबरीत. त्या माकडामागे हनुमान आहे का, यावर अभ्यासक भांडतात, पण प्रवासात माकड नव्हतं.

आणि रानटी? आपल्याबद्दल त्याने लिहिलंय की ही माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, पण आधी शत्रूला बजावून. इथल्या पुलकेशी राजाला उत्तरेचा सम्राट हर्ष नमवू शकला नाही, हेही त्यानेच नोंदवलंय.

भाषण शुक्रवारी आहे. भाच्याने पखालीचा प्रसंग घातलाय, चोर काढलाय. माकड मात्र काढायला तयार नाही.