‘स्मार्ट टीव्ही आहे, मग वेगळा प्लेअर कशाला?’ या सल्ल्याचा प्रतिवाद

घरच्या नॅसबद्दलचा एक लांबलचक मजकूर सध्या नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. नॅस म्हणजे राउटरला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी, घरातल्या सगळ्यांना वापरता येणारी. माझ्याकडे हा मजकूर चार जणांकडून आला आणि चौघांनीही ‘हे खरं आहे ना?’ असंच विचारलं.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. स्मार्ट टीव्ही असताना वेगळा मीडिया प्लेअर, म्हणजे फाइली चालवायला टीव्हीला जोडायचा छोटा बॉक्स, घेणं म्हणजे पैसे पाण्यात. टीव्हीत डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरच्या फाइली टीव्हीवर लावायची सोय) असलं की नॅसवरचं सगळं चालतं. अडकत असेल तर इंटरनेटचा प्लॅन वाढवा, नाहीतर जास्त ताकदीचा नॅस घ्या. बॉक्स घ्यायचाच असेल तर दोन-अडीच हजारांचा ‘८के’ बॉक्स महागड्याइतकाच चांगला. बॉक्सला नॅस दिसत नसेल तर नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनं एसएमबी१ (नेटवर्कवरून फाइली उघडायची पद्धत) चालू करा. आणि तरीही फाइली चालल्या नाहीत तर सगळ्या एमपी४ करून घ्या आणि मूळ फाइली उडवून जागा मोकळी करा.

यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे चूक आहेत. शेवटच्या सल्ल्याने माझ्या मावशीच्या घरी झालेलं नुकसान तर भरून येण्यासारखं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी अर्ध्या खऱ्याबद्दल. तुमच्या नॅसवर फोनमधले व्हिडिओ, फोटो आणि थोडेफार साधे एचडी सिनेमे एवढंच असेल आणि टीव्ही गेल्या चार-पाच वर्षांतला असेल, तर काहीही विकत घेऊ नका. टीव्हीवर जेलीफिन किंवा व्हीएलसीचं ॲप (दोन्ही नॅसवरचे व्हिडिओ दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर) मिळत असेल तर ते टाका, काम भागेल. ज्यांचं भागतंय त्यांना प्लेअर घ्यायला लावण्यात मला काही रस नाही. पण ‘माझ्याकडे चालतं’ यावरून ‘सगळ्यांकडे सगळं चालतं’ असं कसं म्हणायचं?

डीएलएनएचा दावा मुळातच चुकीच्या समजुतीवर उभा आहे. डीएलएनए ही कंपन्यांची संघटना २००३ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये विसर्जितही झाली. तिचा शिक्का असलेल्या उपकरणांना एकमेकांची ओळख पटते, ठरावीक थोडे फॉरमॅट चालतात, एवढीच त्याची हमी. बाकी फाइल नॅसकडून टीव्हीकडे जशीच्या तशी जाते आणि ती उलगडायचं काम टीव्हीचं. एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आत कुठली भाजी आहे ते डब्यावरून कळत नाही. चित्र एच२६४ पद्धतीने दाबलंय की नव्या एचईव्हीसीने, रंग आठ बिटचे की दहा, आवाज डॉल्बीच्या पद्धतीचा की डीटीएसच्या, यावर सगळं अवलंबून. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलं. एलजीच्या २०२० ते २०२२ च्या टीव्हींमध्येही ते नव्हतं. अशा टीव्हीवर ब्लू-रे डिस्कवरून घेतलेला, डीटीएस आवाजाचा सिनेमा लावला की चित्र स्वच्छ दिसतं आणि आवाजाच्या नावाने शुकशुकाट. लोक स्पीकरच्या वायरी काढून-घालून दमतात. बिघाड कुठेच नसतो, टीव्हीला ती भाषाच येत नसते.

आता इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याबद्दल. या सल्ल्यात तर दर महिन्याचे पैसे वाया जातात. नॅसवरची फाइल घरातल्या घरात राउटरपर्यंत येते आणि तिथून टीव्हीत जाते, ती बाहेर जातच नाही. खात्री करायची असेल तर जेलीफिन किंवा कोडीवर (हाही एक फुकट प्लेअर) नॅसमधली फाइल लावा आणि बाहेरून येणारी फायबरची वायर काढून ठेवा. सिनेमा चालूच राहील.

मग अडकतं कुठे? बहुतेक वेळा टीव्हीच्या मागच्या लॅनच्या भोकात. महागड्या ४के टीव्हींनासुद्धा सर्रास १०० एमबीपीएसचाच पोर्ट असतो, आणि प्रत्यक्षात त्यातून ९४-९५ च्या वर काही जात नाही. कंपन्यांच्या दृष्टीने ते पुरेसं आहे, कारण नेटफ्लिक्स स्वतः ४के साठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. पण ४के ब्लू-रे डिस्कचा वेग १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. सरासरी कमी असली तरी पाऊस, धूर, गर्दी अशा प्रसंगांत तो उसळतो आणि नेमकं तिथेच चक्र फिरायला लागतं. साध्या ब्लू-रेची कमाल ५४ आहे, डीव्हीडीची तर दहाच्या आसपास, त्यामुळे ज्यांच्याकडे तेवढंच आहे त्यांनी या पोर्टची चिंता करू नये.

पोर्ट चांगला असूनही वायर दगा देते. आमच्याकडे नॅस आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे, तरी राउटर त्या जोडणीसमोर १०० च दाखवायचा. आठवडाभर मी सेटिंग धुंडाळत बसलो. शेवटी केबलचं टोक उजेडात धरून पाहिलं, तर पारदर्शक क्लिपमध्ये केशरी आणि हिरव्या जोडीच्या चारच तारा गेलेल्या. निळी आणि तपकिरी जोडी क्लिप बसवणाऱ्याने आवरणापाशीच कापून टाकली होती. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. दोन नव्या क्लिपा आणि दहा मिनिटं, एवढ्यात काम झालं. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी केबलचं टोक बघा आणि तारा मोजा.

वायफायबद्दल त्या मजकुरात काही नाही, पण लोक विचारतात म्हणून सांगतो. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय टीव्हीच्या १०० च्या पोर्टपेक्षा जास्त वेग देऊ शकतं. मध्ये आरसीसीची एक भिंत आली की तोच वेग झपाट्याने उतरतो, दोन आल्या की बघायलाच नको. आधी करून बघा, मग ठरवा.

‘नॅस ताकदीचा घ्या’ यामागची कल्पना अशी की टीव्हीला जे कळत नाही ते नॅसने चालता-चालता बदलून द्यावं. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. ते होतं, पण प्रत्येक वेळी, प्रत्येक प्रेक्षकासाठी नव्याने करावं लागतं आणि त्यात चित्राची प्रत उतरते. बऱ्याच घरांत ते का सुरू झालं हेही कोणाला कळत नाही. ब्लू-रेवरची सबटायटल अक्षरांची नसतात, चित्रांची असतात. टीव्हीच्या ॲपला ती दाखवता आली नाहीत तर नॅस ती सबटायटल चित्रावर छापत संपूर्ण ४के व्हिडिओ नव्याने घडवायला बसतो आणि धापा टाकतो. सबटायटल बंद केली की सगळं सुरळीत. याच फाइली समजणारा प्लेअर असेल तर नॅसला नुसती फाइल वाचून पुढे ढकलायची असते. साध्या हार्ड डिस्कचा सलग वाचायचा वेग यासाठी लागणाऱ्या वेगाच्या कितीतरी पट असतो, दहा वर्षांपूर्वीचा नॅसही हे काम आरामात करतो.

शिवाय नॅसच्या कंपनीवर किती विसंबायचं? सिनॉलॉजी या नॅसच्या कंपनीने २०२४ मध्ये डीएसएम ७.२.२ ही नॅसच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणताना सिनेमे दाखवणारं स्वतःचं व्हिडिओ स्टेशन बंद केलं आणि नॅसवरची एचईव्हीसी हाताळायची सोयही काढली. त्यावर भिस्त ठेवून महाग मॉडेल घेतलेल्यांचे पैसे अडकले. जेलीफिनसारख्याच प्लेक्स या सॉफ्टवेअरमध्ये चिपच्या मदतीने ट्रान्सकोडिंग हवं असेल तर पैसे भरावे लागतात. जेलीफिनमध्ये ते फुकट आहे. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणं बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरात त्यातूनच जेलीफिन वेगळं निघालं. म्हणून मी ओळखीच्यांना जेलीफिनच सुचवतो.

स्वस्त ‘८के’ बॉक्स आणि एसएमबी१ हे दोन मुद्दे एकत्रच घ्यायला हवेत, कारण एकाने दार उघडतं आणि दुसऱ्याने कडी निघते. २०२३ च्या जानेवारीत टी९५ नावाच्या लोकप्रिय अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातलेला मालवेअर सापडला. त्याच वर्षी अशा उपकरणांचं ‘बॅडबॉक्स’ हे मोठं जाळं उघडकीला आलं, आणि २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्या पुढच्या आवृत्तीबद्दल जाहीर इशारा दिला. गूगलचं प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्र नसलेली बिननावाची उपकरणं हेच त्याचं मुख्य भक्ष्य. असा बॉक्स तुम्ही त्याच नेटवर्कवर बसवताय जिथे तुमच्या मुलांचे फोटो आणि घराच्या कागदपत्रांच्या प्रती आहेत.

आणि एसएमबी१? २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबीतल्या भोकातून. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये ते आपणहून बसवणं थांबवलं. ज्या बॉक्सला नॅस फक्त एसएमबी१ नेच दिसतो तो बॉक्स परत करा, त्याच्यासाठी नॅसची सुरक्षा उतरवू नका. एनएफएस (फाइली उघडायची दुसरी पद्धत) चालत असेल तर ते वापरा. प्लेअर कुठलाही असो, नॅसवर त्याच्यासाठी वेगळं खातं काढा आणि त्याला फक्त वाचायची परवानगी द्या, लिहायची किंवा पुसायची नको. या एका गोष्टीला पाच मिनिटं लागतात आणि ती मी हात जोडून करायला सांगतो.

मग घ्यायचं काय? हे तुमच्या फाइली बघून ठरतं. डिस्कवरून घेतलेले ४के सिनेमे आणि एव्हीआर (होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) असेल, डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी हा डिस्कवरचा उत्तम प्रतीचा आवाज न छेडता ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवायचा असेल, तर २०१९ ची एनव्हिडिया शील्ड टीव्ही प्रो अजूनही माझी पहिली पसंती आहे. एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबलेल्या फाइलींसाठी तिच्यात चिप नाही, हे धरून चाला. ॲपल टीव्ही ४के हा बॉक्स इन्फ्यूज या प्लेअर ॲपबरोबर फार छान चालतो, पण २०२२ चं ६४ जीबीचं मॉडेल लॅनच्या पोर्टशिवाय येतं, पोर्ट हवा तर १२८ जीबीचंच घ्यावं लागतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. आणि जुने घरगुती व्हिडिओ, चित्रविचित्र फॉरमॅट, डीव्हीडीच्या प्रती असा पसारा असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्यावर लिब्रेइलेक, म्हणजे फक्त कोडी चालवणारी प्रणाली. नेटफ्लिक्स टीव्हीवरच बघा, पायकडून ती अपेक्षा ठेवू नका. टीव्हीच्या रिमोटनेच पाय चालवता येतो, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना दुसरा रिमोट शिकवावा लागत नाही.

मराठी घरांनी आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. देवनागरी नीट उमटते का? मी एक छोटी सबटायटल फाइल करून ठेवली आहे, यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी साठवायची नेहमीची पद्धत), आणि तिच्यात एकच ओळ: ‘विठ्ठलाच्या भक्तीत कृष्णाकाठची गर्दी’. कित्येक टीव्हींवर वेलांटी ‘व’च्या पलीकडे जाऊन पडते, ‘ठ्ठ’चा पाय मोडून दोन ठ वेगळे होतात, किंवा सगळ्याच जागी चौकोन दिसतात. परत करायची मुदत संपण्याआधी हे करून बघा. नॅसवरच्या फोल्डरांची नावं मराठीत ठेवणाऱ्यांनी तर आधीच.

आता तो शेवटचा सल्ला: एमपी४ करा आणि मूळ उडवा.

माझी मावशी पेणला असते. २००५ च्या श्रावणात मावसबहिणीची मंगळागौर झाली, तिचं शूटिंग काकांनी मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्यावर केलं होतं. तीन टेपा. काही वर्षांनी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, तासाला साधारण १३ जीबी, काहीही न दाबता, जशाच्या तशा. नॅस आल्यावर त्या फाइली त्यावर गेल्या. टीव्हीने ‘फॉरमॅट चालत नाही’ म्हणून सांगितलं. मग भाच्याने त्या मजकुराप्रमाणे एका फुकट ॲपने तिन्ही फाइली एमपी४ केल्या, टीव्हीवर चालतात हे पाहिलं आणि मूळ पुसल्या. चाळीस जीबीचे दोन जीबी झाले. सगळे खूश होते.

आपल्याकडचं जुनं शूटिंग इंटरलेस्ड असतं. सेकंदाला पंचवीस चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं, एका ओळीआड एक ओळ, आणि दोन अर्ध्यांमध्ये एक पन्नासांश सेकंदाचं अंतर. चांगला प्लेअर ते अर्धे सोडवून पन्नास चित्रांची सलग हालचाल दाखवतो. त्या ॲपने दोन्ही अर्धे एकमेकांत दाबले आणि वर चित्र लहान केलं. बसलेल्या बायकांचे चेहरे ठीक आहेत. पण झिम्मा सुरू झाला की हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात, आणि फुगडीत तर माणूस दिसतच नाही, नुसतं फाटलेलं नऊवारीचं हिरवं दिसतं. आकार बदलताना ओळी एकमेकींत मिसळल्या, त्यामुळे आता कुठल्याच सॉफ्टवेअरला ते अर्धे वेगळे काढता येत नाहीत. मूळ फाइल पायवरच्या कोडीने काहीही न बदलता दाखवली असती. असल्या फाइलीला ३० एमबीपीएससुद्धा लागत नाहीत.

टेपा सुदैवाने कपाटात होत्या. मी फायरवायरचा (असे कॅमेरे जोडायच्या जुन्या पोर्टचा) लॅपटॉप आणि एकाचा कॅमेरा मागून आणला आणि गणपतीत पेणला जाऊन बसलो. दोन टेपा पूर्ण उतरल्या. मावशीने टीव्हीवर स्वतःच्या सासूबाईंना उखाणा घेताना पाहिलं आणि तो भाग पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्या टेपचं झाकण उघडलं तर फितीवर पांढरी बुरशी चढलेली होती. फुगडी त्याच टेपवर होती.