विलायतेत नदीसाठी भांडायचंय? मग आधी हे वाचा

मागच्या आठवड्यात माझ्याकडे एकाच दिवशी दोन पत्रं आली. एक पाण्याच्या कंपनीच्या बिलिंगवाल्यांचं, की तुमचा डायरेक्ट डेबिट वाढवतोय. दुसरं त्याच कंपनीच्या कस्टमर केअरचं, की गावाबाहेरच्या नदीत तुम्हाला जे काही दिसलं ते परवान्याच्या अटींमध्ये बसणारं होतं, आणि निसर्गाबद्दलच्या तुमच्या तळमळीबद्दल आम्ही आभारी आहोत. मला काय दिसलं ते सांगते. पाणी ओसरल्यावर काठावरच्या विलोच्या खालच्या फांद्यांना पार कमरेच्या उंचीपर्यंत वेट वाइप्स अडकलेले, करडे, चिंध्या झालेले, आणि मधेमधे अशा काही वस्तू की पोराने "आई हे काय गं" विचारल्यावर मी घाईघाईने त्याला बदक दाखवलं. तर हे सगळं अटींमध्ये बसतं. गैरसमज आपलाच. म्हणून म्हटलं, जे नुकतेच इकडे आलेत आणि ज्यांना अजून वाटतं की इंग्लंडात एक ईमेल टाकली की काम होतं, त्यांच्यासाठी चार शब्द लिहावेत.

तर सगळ्यात आधी, तक्रार करण्यापूर्वी पाऊस पडला होता का ते बघा. पडला असेल तर विषय संपला. इथली बरीचशी गटारं जुन्या पद्धतीची, पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाइपातून जातं, जोराचा पाऊस आला की पाइप भरतो आणि लोकांच्या घरात उलटं येऊ नये म्हणून ते तसंच नदीत सोडायची मुभा आहे. ठीक आहे, पटण्यासारखं आहे, अडीअडचणीला केलेली सोय. 2024 साली इंग्लंडात ही अडीअडचण सगळी मिळून 36 लाख तास चालू होती. आता इथे इतका पाऊस काही नवीन नाही, हवामानावर बोलल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही त्या लोकांना पाऊस दर वेळी अचानक कसा गाठतो हे मात्र विचारायचं नाही. आणि प्रक्रिया करून सोडलेलं पाणी चांगलं आहे की नाही याचे नमुने इतकी वर्षं कोण घेत आलंय? कंपनीच. म्हणजे पोराने स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा आणि प्रगतिपुस्तकावर बापाची सहीपण स्वतःच ठोकायची.

नदीत पाय बुडवू नका.

अगदीच हौस असेल तर अधिकृत जागा शोधा. यॉर्कशायरमध्ये इल्कलीला वार्फ नदीचा एक पट्टा आहे, पोहण्यासाठी अधिकृत म्हणून जाहीर झालेली इंग्लंडातली पहिली नदीवरची जागा. अधिकृत झाली म्हणून पाणी नियमित तपासलं गेलं, तपासलं म्हणून दर्जा 'खराब' निघाला, आणि खराब निघाला म्हणून पोहू नका असा सल्ला आला. सगळं कसं नियमानुसार. 2024 च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेसला तर टेम्समध्ये ई. कोलाय हा मैल्यातला जंतू सापडला म्हणून वल्हवणाऱ्यांनाच सांगून ठेवलं होतं की बाबांनो पाण्यात उतरू नका. बोटींची शर्यत होती ती.

तक्रार कुणाकडे करायची? कंपनीकडे केलीत तर ते म्हणतील एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला, म्हणजे पर्यावरण सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेला विचारा. एजन्सीच्या हॉटलाइनवर फोन केलात तर अतिशय गोड आवाजात नंबर मिळतो, माणूस येतोच असं नाही. पाणी कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारं ऑफवॉट म्हणणार आम्ही बिलांचं बघतो, कौन्सिल म्हणणार नदी आमच्याकडे येत नाही, खासदारांच्या ऑफिसातून पत्र येणार की आम्ही मंत्र्यांना कळवलंय, मंत्र्यांच्या खात्यातून येणार की सरकार या विषयी अतिशय गंभीर आहे आणि आपण कृपया आपल्या पाणी कंपनीशी संपर्क साधावा. प्रदक्षिणा पूर्ण. उगाच नाही आपल्या लोकांना इथे घरच्यासारखं वाटत.

पिटिशनही जरूर करा. पार्लमेंटच्या साइटवर 10 हजार सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं आणि 1 लाख झाल्या की चर्चेसाठी विचार करतात. विचार करतात, बरं का.

एवढं करूनही तुमचं रक्त तापलेलं असेल आणि रस्त्यावर उतरायचंच असेल, तर मात्र नीट ऐका, कारण इथे चुकलात तर महागात पडेल. पहिली गोष्ट, आवाज करू नका. 2022 च्या कायद्यापासून मोर्चा फार गोंगाट करतोय असं वाटलं तर पोलीस त्यावर अटी घालू शकतात, म्हणजे निषेध करायचा पण शेजाऱ्याची झोपमोड होणार नाही असा. दुसरी गोष्ट, स्वतःला कशालाही बांधून घेऊ नका, 2023 च्या कायद्याने तो वेगळा गुन्हा आहे, आणि बांधून घेण्याचा विचार नसेल तरी सोबत पट्टे ठेवू नका. चार्ल्स राजांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी 6 मे 2023 ला राजेशाहीविरोधी रिपब्लिक संघटनेच्या लोकांना निदर्शनं सुरू व्हायच्या आधीच उचललं, त्यांच्याकडे फलक बांधायचे पट्टे होते म्हणून. आधी महिनोन्‌महिने पोलिसांशीच बोलून सगळं ठरवलेलं. रात्रीपर्यंत कोठडीत ठेवलं, नंतर म्हणाले आम्हाला खेद वाटतो. राजा तोवर मुकुट घालून घरी.

फलक धरायचा असेल तर मजकूर जपून निवडा. ट्रूडी वॉर्नर नावाच्या निवृत्त समाजसेविका लंडनच्या एका कोर्टाबाहेर फलक धरून उभ्या राहिल्या, त्यावर एवढंच की ज्युरीला आपल्या सदसद्विवेकाला स्मरून निर्दोष सोडण्याचा अधिकार आहे. यात त्यांच्या पदरचं काही नाही हो, ज्युरीचा हा हक्क शेकडो वर्षं जुना आहे आणि ओल्ड बेलीत त्याची संगमरवरी पाटी लावलेली आहे! पाटी भिंतीवर असली की वारसा आणि बाईच्या हातात असली की कोर्टाचा अवमान. सरकार हा खटला चालवायची परवानगी मागायला हायकोर्टापर्यंत गेलं, 2024 च्या एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी ती नाकारली, तोवर ती बाई वर्षभर जीव मुठीत धरून. आणि कोर्टात उभं राहायची वेळ आलीच तर हवामान बदल हा शब्द काढू नका. रस्ते अडवणाऱ्या इन्सुलेट ब्रिटन या हवामानवादी गटाच्या खटल्यांमध्ये न्यायाधीशांनी मना केलं असताना ज्युरीला आपण रस्त्यावर का बसलो ते सांगितलं म्हणून लोक तुरुंगात गेलेत. चोराला चोरी का केली ते सांगता येतं.

आणि झूम कॉल! हा सल्ला खास आपल्या आयटीवाल्यांसाठी, ज्यांचं निम्मं आयुष्य कॉलवर जातं. जस्ट स्टॉप ऑइल या तेलविरोधी आंदोलनाच्या पाच जणांनी एम-25 या लंडनभोवतीच्या महामार्गावर, पाट्यांसाठी उभारलेल्या लोखंडी कमानींवर (गँट्र्यांवर) माणसं चढवायची योजना केली, त्यासाठी लोक जमवायच्या झूम कॉलवर बोलले, आणि जुलै 2024 मध्ये एकाला पाच वर्षं आणि बाकीच्या चौघांना चार-चार वर्षं झाली. अपिलात थोडी कमी झाली, तीही 2025 च्या मार्चमध्ये, तोवर आतच. खोटं कशाला बोला, एम-25 वर अडकलेल्यांचे हाल झाले, कुणाची विमानं चुकली, कुणाच्या हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटी गेल्या, आणि मी स्वतः त्या ट्रॅफिकमध्ये असते तर शिव्याच घातल्या असत्या. शिक्षा व्हायला नको होती असं मी म्हणतच नाहीये. मी फक्त दुसरा आकडा बाजूला ठेवते. सदर्न वॉटरने 2010 ते 2015 या काळात केंट, हॅम्पशायर, ससेक्सच्या नद्यांत आणि समुद्रात हजारो वेळा बेकायदा मैला सोडला, कोर्टात गुन्हा कबूल केला, 2021 मध्ये 9 कोटी पौंड दंड झाला. न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं की हे जाणूनबुजून केलेलं आहे. तुरुंगात कोण गेलं? कुणी नाही. एक माणूस नाही! कंपनीला तुरुंगात घालता येत नाही म्हणे, कंपनीला फक्त बोनस घेता येतो. चार दिवस रस्ता अडवला तर वर्षानुवर्षं आत, आणि वर्षानुवर्षं समुद्रात हगलं तर चेक फाडायचा, आणि हे लोक आपल्याला कायद्याचं राज्य म्हणजे काय ते शिकवायला दीडशे वर्षं येऊन राहिले होते.

बरं, सरकार बदललं की बदलेल असंही समजू नका. पोलिसांना मोर्चावर अटी घालता याव्यात म्हणून कुठला अडथळा 'गंभीर' म्हणायचा याची पातळी खाली आणायचा मजकूर लॉर्ड्सने, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाने, 2023 मध्ये फेटाळला, तर गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी तोच मजकूर काही महिन्यांत मागच्या दाराने नियम म्हणून आणला. शेकडो लोकांना त्याखाली अटक झाली. नागरी हक्कांसाठी लढणारी लिबर्टी संस्था कोर्टात गेली, हायकोर्टाने 2024 मध्ये नियम बेकायदा ठरवला. मग लेबरचं सरकार आलं आणि त्यांनी काय केलं? आधीच्या सरकारचं अपील पुढे चालवलं. 2025 मध्ये तेही हरले. म्हणजे बेकायदा ठरलेला नियम वाचवायला दोन्ही पक्ष एक, आणि पैसे तुमच्या-माझ्या टॅक्सचे.

पत्रक लिहीत असाल तर शेजारी बसून मदत करणारा उत्साही कार्यकर्ता पोलीस नाही ना, हे बघा. हसू नका, मॅकडॉनल्ड्सने ज्या पत्रकावरून दोन कार्यकर्त्यांना कोर्टात खेचलं ते लिहिण्यात बॉब लॅम्बर्ट नावाच्या गुप्त पोलिसाचा हात होता.

एकच उपाय इतिहासात चाललेला आहे. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्सचा वास थेट पार्लमेंटमध्ये शिरला, पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून लावले तरी खासदारांना बसवेना, आणि गटारांचा कायदा 18 दिवसांत पास झाला. 18 दिवसांत! तेव्हा आपल्या नदीची घाण वेस्टमिन्स्टरपर्यंत कशी पोचवता येईल ते बघा, अर्थात कुठलाही आवाज, अडथळा, पट्टा किंवा झूम कॉल न वापरता.

आता सरळच बोलते. 1989 मध्ये या पाण्याच्या कंपन्या विकल्या तेव्हा सरकारने त्यांचं कर्ज पुसून दिलं होतं, आज त्यांच्या डोक्यावर 60 अब्ज पौंडांच्या वर कर्ज आहे, मधल्या काळात भागधारकांना अब्जावधी वाटले, पाइप तेच राहिले आणि एप्रिल 2025 मध्ये सरासरी घरगुती बिल वर्षाला 123 पौंडांनी वाढलं. हे सगळं आकडेवारीसकट जाहीर आहे, कुणी लपवलेलं नाही. आणि आपले लोक काय करतायत? दर रविवारी ग्रुपवर नदीकाठचे फोटो, खाली कुणीतरी लिहिणार "फॉरेन इज फॉरेन, नाहीतर आपली मुळा-मुठा बघा". अहो, त्या फोटोत पाणी आहे, पाण्यातलं फोटोत दिसत नाही! आणि रस्त्यावर बसलेले दिसले की लगेच "रिकामटेकडे साले, कामधंदा नाही". रिकामटेकडे? त्यातले कित्येक निवृत्त शिक्षक, नर्सा, डॉक्टर आहेत, सत्तरीत अटक करून घेतायत, तुमच्याच पोरांच्या नदीसाठी.

तुम्ही मोर्चात जात नाही ते मी समजू शकते. व्हिसावर आहात, एक अटक झाली तर आयएलआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं ही भीती खरी आहे, मलाही होती. पण मत? इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, व्हिसावर असला तरी, कॉमनवेल्थचा म्हणून कौन्सिलपासून पार्लमेंटपर्यंत मत देता येतं, हे ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माहीत नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी नोंदणी केलेली नाही. कौन्सिल टॅक्स मुकाट्याने भरता, पाण्याचं बिल भरता, आणि ज्याला घाम फुटावा त्या उमेदवाराला तुमचं अस्तित्वच माहीत नाही, मग तो कशाला येतोय तुमच्या नदीवर? गणपतीच्या ढोल-ताशासाठी कौन्सिलचे फॉर्म भरायला तुम्हाला वेळ असतो. हाही एक फॉर्म आहे, ऑनलाइन आहे, फुकट आहे. तो भरा, नाहीतर ते 'फॉरेन इज फॉरेन' तुमच्याजवळच ठेवा, निदान मी ज्या ग्रुपवर आहे तिथे तरी टाकू नका.