‘आपली मुलं पुढे जातात, मग ह्यांना कोण अडवतं?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. न्यू जर्सीतल्या गरीब वस्त्यांमधल्या पब्लिक स्कूलची, म्हणजे सरकारी शाळांची, काळी आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) मुलं वाचनात-गणितात मागे का पडतात यावर मी लिहिलं होतं, त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. सकाळी वाचली, रात्री परत वाचली आणि खरं सांगते, दोन्ही वेळा वाईट वाटलं. मतं पटली नाहीत म्हणून नाही हो, मतभेद असायचेच. पण सुरुवातच अशी? "ताई, सगळं भावनेच्या भरात लिहिलंय. आपणही दोन बॅगा घेऊनच आलो, आपली मुलं ह्याच देशात पुढे जातात, मग ह्यांना कोण अडवतं? घरात शिस्तच नाही." ज्यांच्या घराचा उंबरठा तुम्ही कधी ओलांडला नाहीत त्यांच्या घरातली शिस्त तुम्हाला कळली कुठून? लेखात आकडे होते, कोर्टाचे निकाल होते, त्यातल्या एकालाही तुम्ही हात लावला नाहीत, आणि भावनेच्या भरात मात्र मी.

आधी जे पटलं ते सांगते. घरात पुस्तकं असणं, शेजारी बसून कोणी वाचून घेणं, याचा मुलाला फायदा होतो, यात वादच नाही. 1966 च्या कोलमन रिपोर्टपासून (अमेरिकन सरकारने करून घेतलेली शाळांची मोठी पाहणी) हे दिसत आलंय की घरच्या परिस्थितीचा मार्कांवर मोठा परिणाम होतो. पण घरची परिस्थिती म्हणजे नुसती शिस्त नव्हे. पगार, भाडं, आईची शिफ्ट, दवाखाना, सगळं त्यात आलं.

आता त्या दोन बॅगा. बॅगेत डिग्री होती की नाही ते सांगा. 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर भारतातून इथे आले त्यात डॉक्टर-इंजिनियर किती होते ते आपल्या कुठल्याही मंडळाच्या जुन्या लोकांना विचारा, पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा आला तोही साधारणपणे डिग्रीशिवाय मिळत नाही. आज अमेरिकेतल्या प्रौढ भारतीयांमध्ये 70 टक्क्यांहून जास्त लोक किमान बॅचलर्स आहेत आणि सगळ्या देशात हे प्रमाण साधारण एक तृतीयांश. म्हणजे व्हिसाने आपल्याला आधीच गाळून घेतलंय. भारतातल्या शेतमजुराचं पोर इथल्या वर्गात बसलेलं नाही, आणि आपण आपल्या मुलांची तुलना करतोय हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईच्या मुलाशी. मीही एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर, आले, पहिली वर्षं काटकसरीत काढली, पण नवऱ्याच्या नोकरीचा विमा होता, दात दुखला तर डॉक्टरकडे जाता येत होतं. त्याला मी गरिबी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

आणि काळ्या कुटुंबांचं काय? 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या होत्या, तिथे घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल. घराची किंमत वाढली नाही म्हणजे पिढीजात पैसा नाही, आणि इथे शाळा मोठ्या प्रमाणात प्रॉपर्टी टॅक्सवर, म्हणजे त्याच घरांवरच्या करावर, चालतात, म्हणजे शाळाही गरीबच. टेक्सासमधले पालक याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, 1973 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी हरले. एका न्यायाधीशाचं मत फिरलं असतं तर आज चित्र वेगळं असतं असं मला मनापासून वाटतं.

शिस्तीचंच खरं मानायचं तर मला एक सांगा. 1971 मध्ये 17 वर्षांच्या काळ्या आणि गोऱ्या मुलांमध्ये वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत 50 हून जास्त गुणांचा फरक होता, 1988 पर्यंत तो 20 च्या आसपास आला. त्या सतरा वर्षांत काळ्या घरांमध्ये अचानक शिस्त आली का? त्याच काळात दक्षिणेतल्या शाळा खऱ्या अर्थाने एकत्र झाल्या, 1965 पासून गरीब शाळांना टायटल वन योजनेतून केंद्र सरकारचा पैसा मिळायला लागला होता, आईबापांचं शिक्षण वाढलं होतं. नेमकं कशामुळे किती, यावर अभ्यासक भांडतात, भांडोत. पण फरक कमी होऊ शकतो हे तर सिद्ध झालं ना? आपल्याच न्यू जर्सीत बघा, गरीब शहरांतल्या मुलांच्या बाजूने लढलेल्या ॲबट खटल्यात 1990 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतका पैसा द्या, 1998 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगली बालवाडी द्यायला लावली आणि त्या बालवाडीचा फायदा चौथी-पाचवीपर्यंत टिकलेला दिसला.

तुम्ही लिहिलंत, "कधी त्या शाळांमध्ये पाऊल ठेवलंय का?" ठेवलंय. वर्क परमिट आल्यापासून मी अशाच एका शाळेत पॅरा, म्हणजे वर्गशिक्षिकेची मदतनीस, म्हणून काम करतेय, वर्गात जवळपास सगळी मुलं फ्री लंचवाली, म्हणजे गरीब घरातली. तिसरीतला एक मुलगा होता, पुस्तक नाकाला लावून वाचायचा, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा, त्यावरून दोनदा ओरडा खाल्ला. नर्सने डोळे तपासून चिठ्ठी घरी पाठवली, ती इंग्रजीत, आईला स्पॅनिशच वाचता येत होतं आणि ती रात्रपाळीला जायची. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडली होती, ती मलाच सापडली. चष्मा यायला वसंत ऋतू उजाडला. तोवर त्याच्या रिपोर्टवर 'वाचनात इयत्तेच्या खाली' असं छापून झालं होतं. त्या बाईला मी भेटलेय. शाळेच्या ऑफिसबाहेर कामाच्या कपड्यांतच बसली होती, झोपेने डोळे लाल, आणि मुलाची वही पहिल्या पानापासून उलटून बघत होती, अक्षर न अक्षर. शिस्त नाही म्हणता तुम्ही! बॉल्टिमोरमध्ये शाळेतच डोळे तपासून फुकट चष्मे दिले तेव्हा पहिल्याच वर्षात वाचनाचे गुण सुधारले, सगळ्यात मागे असलेल्यांचे जास्त सुधारले. दुसऱ्या वर्षी तो फायदा तेवढा टिकला नाही हेही सांगते, नाहीतर लपवलं म्हणाल. एका चष्म्याने सगळं भागत नाही हेच तर मी म्हणतेय.

तुमचे बाकीचे मुद्दे म्हणजे टीचर्स युनियन, चार्टर स्कूल (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) वगैरे, त्यात मी शिरणार नाही, लेखाचा तो विषयच नव्हता. टॅक्सचं म्हणाल तर मीही भरते.

तुमची प्रतिक्रिया आहे तशी ठेवतेय, लोकांना वाचू दे. फक्त लॅटिनो आयांबद्दल जी शेवटची ओळ तुम्ही लिहिली होती ती मी काढून टाकली आहे. परत टाकलीत तर परत काढीन.