‘कोसला’चा तक्ता होत नाही

शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा फिरतो आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली जन्मजात असते, कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हातांनी करून. म्हणून गाजलेली कादंबरीही ज्याच्या त्याच्या शैलीने द्या. पाहणाऱ्याला तक्ता, ऐकणाऱ्याला ऑडिओबुक, करणाऱ्याला नाटुकलं. पाठवणाऱ्यांना मुलांची कळकळ आहे, यात शंका नाही. पण संदेशातले दावे टिकत नाहीत.

‘हे विज्ञानाने सिद्ध झालंय.’ झालेलं नाही. हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली यावरचं संशोधन तपासलं. त्यांची अट साधी होती: मुलं शैलीनुसार वेगळी करा, प्रत्येक गटातल्या काहींना जुळणाऱ्या आणि काहींना न जुळणाऱ्या पद्धतीने शिकवा, शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. अशी चाचणी घेणारे अभ्यास मोजकेच सापडले, आणि त्यातल्या काहींचे निष्कर्ष तर थेट उलटे होते. पुढे २०१५ साली बेथ रोगॉव्स्की यांच्या गटाने, ऐकणं आवडणाऱ्या आणि वाचणं आवडणाऱ्या प्रौढांचं आकलन तपासलं. आवडीप्रमाणे मजकूर मिळाला म्हणून तो जास्त कळला, असं दिसलं नाही. आवड असते, ती खरीच असते. पण आवड म्हणजे क्षमता नव्हे.

‘निदान नुकसान तर काही नाही ना?’ आहे, आणि माझं खरं भांडण इथेच आहे. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली. मी ती कॉलेजच्या मुलांबरोबर वाचते. एका मुलाने नायकाच्या प्रवासाचा सुंदर तक्ता करून आणला: त्याचं गाव सांगवी, बाण, पुणे, बाण, परत सांगवी. त्याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू एका चौकटीत, लाल शाईने. पुस्तक मात्र त्याने उघडलंच नव्हतं. म्हणाला, ‘मॅडम, मी व्हिज्युअल आहे, मला वाचून कळत नाही.’ एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल हे ठरवून टाकलं होतं, आणि ते त्याला कुणीतरी मायेनेच शिकवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

त्या तक्त्यात चूक एकही नव्हती. फक्त नायक पांडुरंग सांगवीकरच्या तोंडी सतत येणारं ‘उदाहरणार्थ’ नव्हतं, ‘वगैरे’ नव्हतं. ही कादंबरी त्या दोन शब्दांत राहते. गोष्ट बाणांनी दाखवता येते. बोलता बोलता सगळंच झटकून टाकणारा तो आवाज कसा दाखवणार? मी त्याला मनीची पानं मोठ्याने वाचायला लावली आणि एवढंच सांगितलं: ‘वगैरे’ कुठे येतं, कुठे येत नाही, पेन्सिलीने खूण कर. दोन पानांवर तो थांबला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

‘म्हणजे तक्ते, अभिनय सगळं बंद?’ मुळीच नाही. पण काय वापरायचं ते मुलाच्या लेबलावरून नको, मजकुरावरून ठरवा, आणि ते सगळ्यांना द्या. पांडुरंगचं बोलणं सगळ्यांनीच कानांनी ऐकायला हवं. रोजनिशीचा भाग सगळ्यांनीच पानावर पाहायला हवा. त्याचं नाटुकलं केलं तर त्या नोंदींचा तुटकपणा हरवतो. सांगवी-पुण्याचा नकाशा फळ्यावर काढायला दहा मिनिटं पुरतात, तोही सगळ्यांसाठीच.

त्या मुलाचा तक्ता अजून वर्गात लावलेला आहे. लाल चौकटीशेजारी त्याने पेन्सिलीने पान क्रमांक लिहिलाय.