ब्लॅक स्टारचं दुसरं जहाज

'नो फिअर ऑफ टाइम' हा ब्लॅक स्टार या अमेरिकन रॅप जोडीचा दुसरा अल्बम ३ मे २०२२ ला आला. पहिला आला होता १९९८ मध्ये. मधे २४ वर्षं गेली. माझ्या ओळखीत रॅप मनापासून ऐकणारे जे लोक आहेत, त्यातल्या निम्म्यांना हा अल्बम आल्याचंच माहीत नाही. ज्यांनी ऐकला ते म्हणतात, पहिल्यासारखी मजा नाही. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. अल्बमबद्दल माझीही तक्रार आहे, पण ती गाण्यांबद्दलची नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्लॅक स्टार म्हणजे मॉस डेफ आणि तालिब क्वेली. दोघेही न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे, पहिल्या अल्बमच्या वेळी पंचविशीच्या आतले. टुपाक आणि बिगी हे त्या काळचे दोन सगळ्यात मोठे रॅपर. टुपाकला १९९६ मध्ये गोळ्या घातल्या, बिगीला १९९७ मध्ये, आणि बिगी तर याच ब्रुकलिनचा मुलगा. त्यानंतर माइक हातात धरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं झालं का, हे पहिल्या अल्बममधल्या 'डेफिनिशन' या गाण्यात ही दोन पोरं त्या दोघांची नावं घेऊन बोलतात, आणि तेही पाय थिरकतील अशा बीटवर. त्याच अल्बममधल्या 'थीव्ज इन द नाइट'चं धृपद टोनी मॉरिसनच्या 'द ब्लूएस्ट आय' या कादंबरीच्या शेवटावरून घडवलेलं आहे. वाचनाचं हे वेड दाखवण्यापुरतं नव्हतं. तालिब ब्रुकलिनमधल्या 'न्किरू बुक्स' या दुकानात कामाला होता. तिथे कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं मिळायची. ते दुकान बंद पडायला आलं तेव्हा या दोघांनी ते विकत घेतलं. रॅपचे पहिले पैसे पुस्तकांच्या दुकानात घालणारी माणसं ही!

आणि 'रेस्पिरेशन'. हाय-टेक या निर्मात्याचा बीट, सोबतीला शिकागोहून आलेला रॅपर कॉमन. रात्रीचं शहर श्वास घेतंय, एवढीच कल्पना. मॉस डेफ ज्या संथपणे त्या शहराच्या गल्ल्या, दिवे, थकलेली माणसं समोर उभी करतो, त्याला मी बेधडक कविता म्हणतो. तिसऱ्या कडव्यात कॉमन आपलं शिकागो घेऊन येतो आणि गाणं एकट्या न्यूयॉर्कचं राहत नाही. मुंबईत रात्रीच्या शेवटच्या लोकलने प्रवास केलेल्या कुणालाही हे गाणं समजावून सांगायची गरज नाही.

आता नावाकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या नावात आहे. जमैकाचा कृष्णवर्णीय नेता मार्कस गार्वी याने १९१९ मध्ये 'ब्लॅक स्टार लाइन' ही जहाज कंपनी काढली. काळ्यांची, काळ्यांच्या पैशाने उभी राहिलेली. शेअर ५ डॉलरला. मोलकरणी, हमाल, मजूर यांना परवडावा म्हणून. मोडकी जहाजं अव्वाच्या सव्वा भावाने गळ्यात मारली गेली आणि १९२२ मध्ये कंपनी बुडाली. पण आपल्या मालकीचं जहाज असू शकतं, हा विचार बुडाला नाही. नावातच आपला वारसा सांगायचा ही रीत आपल्यालाही परकी नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नेमकं हेच केलं होतं.

गंमत अशी वाटत नाही, वाईटच वाटतं, की हे नाव घेतलेल्या दोघांना स्वतःचं जहाज कधी मिळालंच नाही. पहिला अल्बम 'रॉकस' या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, निघाला. स्वतंत्र रॅपचं माहेरघर म्हणून त्याचा दबदबा होता, पण त्यामागे पैसा होता जेम्स मर्डॉकचा, म्हणजे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकच्या मुलाचा.

मधल्या काळात नाव बदलून मॉस डेफचा यासीन बे झाला. २०१९ मध्ये त्याने 'नेगस' नावाचं नवं काम थेट ब्रुकलिन म्युझियममध्ये मांडलं. फोन बंद करून ठेवायचा, हेडफोन लावायचे, तिथेच उभं राहून ऐकायचं. विकत मिळणार नाही, डाउनलोड होणार नाही. दुसरीकडे तालिब सतत अल्बम काढत राहिला, दौरे करत राहिला. अशा दोन टोकांच्या माणसांनी हॉटेलच्या खोल्यांत आणि विनोदवीर डेव्ह शपेलच्या कार्यक्रमांच्या वेळी रंगमंचामागे बसून 'नो फिअर ऑफ टाइम' रेकॉर्ड केला. बीट निर्माता मॅडलिबचे. हा तोच माणूस ज्याने २००७ मध्ये हिंदी सिनेसंगीताचे तुकडे कापून-जोडून अख्खा अल्बम केला होता आणि त्यातला एक बीट पुढे यासीनने आपल्या २००९ च्या 'द एक्स्टॅटिक'मध्ये वापरला.

'नो फिअर ऑफ टाइम'मध्ये नऊ गाणी, जेमतेम अर्ध्या तासाहून थोडी जास्त. ड्रम जपून वापरलेले, सॅम्पल (जुन्या गाण्यांतून उचललेले तुकडे) खरबरीत, मनात घोळत राहतील अशी धृपदं कमी. पहिल्या अल्बमची उसळी इथे नाही हे खरं. पण ती का असावी? अल्बम आला तेव्हा यासीन ४८ चा होता, तालिब ४६ चा. पुनर्मिलनाचे बहुतेक अल्बम मला केविलवाणे वाटतात, कारण त्यात प्रौढ माणसं आपल्याच तरुणपणाची नक्कल करतात. इथे तसं एकदाही होत नाही. यासीन शब्द रेंगाळत टाकतो, मधेच गुणगुणतो, ओळ अर्धी सोडून देतो. तालिब अजूनही एका श्वासात चार ओळी कोंबतो. त्याची एकदोन कडवी उपदेशाकडे झुकतात, ते मला आवडलं नाही. पण 'फ्रीक्वेन्सी'मध्ये रॅपर ब्लॅक थॉट येतो तेव्हा तिघं एकमेकांना जी धार लावतात, ती ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो.

तक्रार आता सांगतो. हा अल्बम स्पॉटिफाय, ॲपल वगैरेंवर न येता फक्त 'ल्युमिनरी' या पैसे भरून ऐकायच्या पॉडकास्ट ॲपवर आला. याच ॲपवर शपेल, यासीन आणि तालिब यांचा पॉडकास्ट होता. स्ट्रीमिंगला नकार देण्यामागचं कारण मला पूर्ण मान्य आहे. एकदा गाणं ऐकलं गेलं की कलावंताच्या वाट्याला पुरता एक सेंटही येत नाही, आणि पुढे काय वाजणार ते कंपनीचं गणित ठरवतं. अशा बाजाराला पाठ दाखवायला हिंमत लागते. पण ल्युमिनरी तरी कुणाची होती? गुंतवणूकदारांच्या सुमारे १० कोटी डॉलरवर सुरू झालेली स्टार्टअप. म्हणजे एका मालकाचं जहाज नाकारून दुसऱ्या मालकाच्या जहाजात बसणं झालं, आणि तेही असं जहाज जिथे रॅप ऐकणारा सहसा फिरकत नाही. गार्वीचा शेअर मोलकरणीला घेता यावा म्हणून स्वस्त होता. या अल्बमकडे जाणारी वाट मात्र अरुंद ठेवली गेली. ज्या पोरांच्या आयुष्याबद्दल ही गाणी आहेत, ती पोरंच बाहेर राहिली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये शपेल 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाचा सूत्रधार होता आणि संगीताला ब्लॅक स्टार होते. अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या मंचांपैकी तो एक. तिथे पहिल्यांदाच त्यांना ऐकून एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीने लगेच फोनवर नेहमीच्या ॲपमध्ये अल्बम शोधला असेल, तर तिला तो सापडला नसणार. तिचा पुढचा शोध दुसऱ्याच कुणाकडे गेला असेल. यासीन आणि तालिबने तिसरा अल्बम केला, तर तो त्यांनी स्वतः विकावा, हव्या त्या किमतीला विकावा, पण या मुलीच्या हाती लागेल अशा जागी ठेवावा.